अव्वाचा राक्षस

जुन्या वस्तू जमवणारी माणसं मऊ स्वभावाची असतात, असं लोकांना का वाटतं कुणास ठाऊक. माझ्या ओळखीतले सगळे जमवणारे हावरट आहेत, आणि मी त्यांच्यात मागे नाही. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे असं कळलं, की आमच्या डोक्यात आधी त्या घरातला माळा येतो आणि मग ते माणूस. आम्ही मोसंबी घेऊन भेटायला जातो, तब्येतीची चौकशी करतो, आणि नजर वर. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण लपवतही नाही, कारण लपवणाऱ्यांचा मला जास्त राग येतो.

मी सोलापुरात बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि त्यातली वीस-बावीस वर्षं जत्रेतलं टाकाऊ सामान गोळा केलं. बंदुकीने फुगे फोडायच्या पाट्या, ज्यांवर कुणा रंगाऱ्याने गालाला गुलाबी फासून सिनेमातल्या बायका काढलेल्या असतात. रिंगा टाकायचे ठोकळे. हाताने फिरवायच्या पाळण्याचे दोन लाकडी घोडे, त्यातल्या एकाला शेपूट नाही. माणसाला बुटका आणि पोटाळ दाखवणारा एक आरसा. घरातल्या दोन खोल्या त्यात गेल्या आणि नवऱ्याची स्कूटर उन्हात गेली. घराचा गड्डा करून ठेवलास, असं तो म्हणतो. गड्डा म्हणजे संक्रांतीला आमच्याकडे होम मैदानावर भरते ती मोठी जत्रा. त्याला हा टोमणा वाटतो.

आता अशा वस्तूंना भाव आला आहे, म्हणून माझ्याकडे माणसं येतात. मला ती आवडत नाहीत. कॉफीचं दुकान काढणाऱ्या एका जोडप्याला भिंतीवर टांगायला घोड्याचं नुसतं डोकं हवं होतं. कापून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पुण्याच्या एका संग्राहकाने माझ्याकडून नेलेल्या फुग्यांच्या पाटीवर इतकं व्हार्निश मारलं, की ती नव्या कपाटाचं दार दिसायला लागली. त्याच्याशी मी बोलणं बंद केलं. माझा नियम एकच आहे आणि तो मी येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यातच ऐकवते : जुन्या कामावर नवा हात फिरवायचा नाही. रंग उडाला तर उडाला, ज्याने काढलं त्याचंच राहू द्यायचं.

अव्वाचा राक्षस पहिल्यांदा पाहिला त्याला पाच-सहा गड्डे झाले. मोठ्या पाळण्यांच्या मागे, जिथे जनरेटरचा धूर येतो आणि भाडं कमी पडतं, तिथे तिचा खेळ असायचा. जुन्या सागवानी फळ्या जोडून केलेला पुरुषभर उंचीचा पाट, त्यावर राक्षसाचा भलामोठा चेहरा रंगवलेला, आणि तोंडाच्या जागी आरपार भोक. भोकाच्या वरच्या कडेला बिजागरीवर बसवलेले लाकडी दात. तीन चेंडू मिळायचे. दात पाडला तर कंगवा, चेंडू आत गेला तर स्टीलची वाटी. चेंडू चिंध्यांचे, आत मागावरची सुताची गुंतवळ ठासून भरलेली. वाटी फारशी कुणाला मिळायची नाही, कारण खालच्या ओठावर सायकलच्या टायरची पट्टी रंगाखाली दडवलेली होती आणि चेंडू तिच्यावर आपटला की उलटा यायचा. हे मला कुणी सांगितलं नाही. मी ओठ दाबून पाहिला आणि अव्वाने माझ्या हातावर फटका मारला.

ती सत्तरीच्या पुढची, काटक, अक्कलकोटची. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, शिव्या दोन्हींत. सगळं मैदान तिला अव्वा, म्हणजे कन्नडमध्ये आई, म्हणायचं, मीही म्हणू लागले. मदतीला तिची भाची. ती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होती आणि गड्ड्यापुरती रजा काढून यायची. राक्षसाची खरी गोष्ट मला भाचीनेच सांगितली, आणि ती ऐकल्यापासून मला तो पाट मिळाल्याशिवाय चैन पडेना.

गोष्ट अशी, की राक्षसाचं तोंड दर वर्षी नवं असायचं. वर्षभरात ज्याच्यावर अव्वाचा सगळ्यात जास्त राग झाला असेल, त्याचा चेहरा ती संक्रांतीच्या आधी त्या पाटावर काढायची. तिची सासू असंच करायची, सासूनंतर ती. जागा वाटणारा कंत्राटदार झाला, जमिनीत फसवणारा दीर झाला, चांगला दात उपटणारा डॉक्टर झाला. नाव कुठेही नाही. चेहरा मात्र असा, की ओळखणाऱ्याने ओळखावं. ज्याचा त्याने ओळखला तरी बोलायची सोय नव्हती, कारण खाई त्याला खवखवे. तक्रार करणारा आपणच राक्षस असल्याचं कबूल करायचा. महिनाभर लोक त्या तोंडावर चेंडू हाणायचे. शेवटच्या दिवशी खेळ आवरताना अव्वा स्वतः तीन चेंडू मारायची आणि मग सरस घातलेला चुना त्या चेहऱ्यावर फिरवून पाट पांढरा करायची. पांढरा झाला की भांडण मिटलं. दुसऱ्या दिवशी ती त्या माणसाच्या घरी जाऊन चहासुद्धा पिऊन यायची, असं भाची म्हणाली.

म्हणजे त्या पाटावर दोन बायकांच्या सगळ्या आयुष्यातली भांडणं एकावर एक बसलेली होती. भोकाच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रंगाचे थर दिसायचे. माझ्या दोन खोल्यांतलं सगळं सामान एका पारड्यात टाकलं तरी हा पाट भारी झाला असता. मी लगेच मागितला. ती म्हणाली, पोट कशावर भरू, तुमच्या चित्राच्या वहीवर? पुढच्या वर्षी पुन्हा मागितला. तिसऱ्या वर्षी तिने मला लांबून पाहूनच हात हलवला, जसं कुत्र्याला हाकलतात. मी तिला हेकट म्हणाले. ती मला गिधाड म्हणाली, आणि त्याला कन्नडमध्ये काय म्हणतात तेही भाचीकडून ऐकवलं. आमचं असं दर वर्षी चालायचं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती. संक्रांत जवळ आली की मी मनातल्या मनात उत्तरं तयार करायला लागायचे.

मग मी माझ्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. पाट मागितला, तिने दिला नाही, म्हणून त्याचा फोटो मोठा करून लावला. सोबत एक चार पानी पत्रक छापलं. वर संग्राहक म्हणून माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. आत प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी. चाळीसेक वस्तूंच्या ओळी मी एका दुपारी बसून लिहिल्या आणि शेवटी सगळ्यांखाली तेच लिहिलं : पारंपरिक लोककला, कलाकार अज्ञात. घोड्यांखालीही तेच, राक्षसाखालीही तेच. तसं लिहायची पद्धत आहे. भारदस्त दिसतं. वर मी त्या पत्रकाची एक प्रत भाचीच्या हाती अव्वाला पाठवली. आपला राक्षस छापून आलेला पाहून म्हातारी विरघळेल, असं मला वाटलं होतं.

पुढच्या गड्ड्याला मी गेले तेव्हा अव्वाच्या खेळापाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. गर्दीतून वाट काढून पुढे झाले आणि समोर मीच. माझा चष्मा, माझं मोठं कुंकू, माझा अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल. बत्तीस वर्षं मी अंबाड्यात पेन्सिल खोचत आले आहे. तोंड उघडं, दात बाहेर, आणि त्या तोंडात लोक चेंडू घालत होते. हाणणाऱ्यांत माझा एक जुना विद्यार्थी होता, आता दोन मुलांचा बाप. त्याने पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाई तुम्ही इकडं कुठं, असं अगदी आदराने विचारलं आणि उरलेला चेंडू तितक्याच जोरात मारला. दात पडला. अव्वाने त्याला कंगवा दिला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला राग आला, अपमान वाटला, मी तिथून तडक घरी आले. हे सगळं खरं. पण रात्री झोप लागली नाही ती अपमानाने नव्हे. कानाने. तिने माझा डावा कान भुवईच्या वर काढला होता. मान काढलीच नव्हती. नाकपुड्या म्हणजे दोन शेंगदाणे. मी पडल्या पडल्या तो कान खाली आणत होते आणि तो पुन्हा वर जात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मी मैदानावर गेले. अव्वा पालात आडवी झाली होती, भाची नळावर गेली होती. रंगाचे डबे पाटामागेच होते. मी फक्त कान सरळ करणार होते. ब्रश उचलला, कान खाली आणला. मग नाकाला जराशी छाया दिली. मग हनुवटी, मग चष्म्याच्या काचेवर एक उजेडाची रेघ. हात थांबेना. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत हेच केलं होतं : वही ओढून घ्यायची आणि आपल्या हाताने चित्र बरोबर करून परत द्यायची. माझा तो एकुलता एक नियम, उंबऱ्यातच सगळ्यांना ऐकवायचा, त्या अर्ध्या तासात मला आठवलाही नाही. मागे सरून पाहिलं तर मी हुबेहूब झाले होते, आणि मला फार समाधान वाटलं.

त्या संध्याकाळी चेंडू कुणी मारेना. लोक यायचे, पाटाकडे बघायचे, जरा गंभीर व्हायचे आणि पुढे जायचे. एका माणसाने तर चपला बाजूला काढून भाचीला विचारलं, ह्या बाई कधी वारल्या? हे भाचीने मला नंतर सांगितलं. तेव्हा तिलाही हसू आवरलं नाही आणि मलाही नाही. पण त्या वेळी मी पलीकडच्या भज्यांच्या गाड्याआड उभी राहून सगळं बघत होते, आणि अव्वाने मला बरोबर हेरलं. ती उठून आली. माझ्या बोटांवरचा रंग तिने पाहिला. तोवर ती मला बाई आणि तुमी म्हणायची. तेव्हापासून तू झालं.

"माज्या चित्राला हात लावायचं तुला कुनी सांगितलं हुतं?"

मी म्हणाले, कान चुकला होता. ह्यापेक्षा वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं. तिने भाचीला हाक मारून काहीतरी आणायला सांगितलं. भाचीने आणलं ते माझं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं, कडा तेलकट झालेलं. अव्वाने नेमकं राक्षसाच्या फोटोवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर त्या ओळीवर होतं. भाचीने तिला ती ओळ किती वेळा वाचून दाखवली असेल, देव जाणे.

"अज्ञात म्हंजी काय?"

मी म्हणाले, म्हणजे कुणी केलं ते माहीत नाही.

"मी हितंच बसलेली असती. चार वर्सं तू माज्याशी भांडायला येतीस. आन् मी तुला म्हाईत न्हाय?"

संग्रहालयात असंच लिहितात, असं मी म्हणाले. ते खरंही आहे. तिने पत्रकाची पुन्हा घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांना उत्तरं देता येतात.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेले. ती तीन चेंडू मारेल, चुना फिरवेल, आणि हे प्रकरण इतर सगळ्यांच्या भांडणासारखं पांढरं होऊन जाईल, अशी आशा होती. चुना कालवलेला होता. भाचीने बादली पुढे केली. अव्वाने पाटावरच्या माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पाट तसाच ताडपत्रीत गुंडाळायला सांगितला. ह्यात माजा हात राहिला न्हाय, मग मी कशाला पुसू, एवढंच ती म्हणाली. मी तिथे उभी आहे हे तिला माहीत होतं. ताडपत्रीवर सुतळी बांधून तो पाट टेम्पोत चढला. पुढच्या उन्हाळ्यात मला त्याची स्वप्नं पडायची.

यंदाच्या गड्ड्यात तिची जागा रिकामी होती. तिथे कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकत होता. मी भाचीला फोन केला. अव्वाचे गुडघे गेले, आता ती खेळ लावणार नाही, असं कळलं. हेही कळलं की हायवेवर हुरडा पार्टीची जागा चालवणारा एक माणूस दोनदा घरी येऊन पाट बघून गेला आहे. तो तिथे पोरांना खेळायला ठेवणार होता आणि वरून नवा जोकर रंगवून घेणार होता. मला काळजी लागली. अव्वाच्या गुडघ्यांची नव्हे. दुसऱ्याच दिवशी मी अक्कलकोटची एसटी पकडली. बरोबर मोसंबी होती.

घर मठापासून दूर, एका बोळात. गल्लीत दारोदार बायका कन्नडमध्ये बोलत बसल्या होत्या, मला पाहून मराठीत पत्ता सांगू लागल्या. ओसरीवर अव्वा बाजेवर बसलेली, गुडघ्यांना फडकी बांधलेली. मागे भिंतीला पाट टेकवलेला. ताडपत्री काढली होती. मी माझ्याकडे बघत होते, कान अगदी जागच्या जागी.

मी मोसंबी ठेवली आणि येताना एसटीत जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. चित्राला हात लावायला नको होता, चूक झाली, असं म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून नवऱ्यानेही कधी ऐकलेलं नाही. हुरडावाला जोकर रंगवेल, मग तुमच्या सासूचं आणि तुमचं काहीच राहणार नाही, असं म्हणाले. माझ्याकडे पाट जसाच्या तसा राहील, पहिल्या खोलीत, दारासमोर. आणि खाली नवी पाटी लावीन. अज्ञात नाही. तुमचं नाव लिहीन, माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. मी मनापासून बोलत होते. भाची आतून बाहेर येऊन उभी राहिली, तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की जमलं.

अव्वाने विचारलं, "लिव्ह की. काय लिवशील?"

मी तोंड उघडलं. समोर चित्रातलंही उघडंच होतं.

"अव्वा," मी म्हणाले.

"अव्वा तर ह्या गल्लीतल्या समद्या बाया हायत."

मी भाचीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. बत्तीस वर्षं मी हजेरी घेतली आहे. तीस-तीस वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं मला अजून आडनावासकट येतात, रस्त्यात भेटली तर मी हाक मारून थांबवते. तिथे ओसरीवर मी आठवत असल्यासारखं करत होते, पण आठवायला आत काहीच नव्हतं.

"तुजं मला ठावं हाय," अव्वा म्हणाली. "तुज्या बापाचं बी ठावं हाय. छापलं हुतंस न्हवं."

मग ती भाचीला म्हणाली, बाईंना चहा टाक. पाटाविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. चहा गोड होता, सोबत शेंगाच्या पोळीचा अर्धा तुकडाही आला, आणि मी तो खाल्ला. जाताना अव्वाने गुडघ्यांवरून हात काढून नमस्कार केला, मीही केला. भाची मला स्टँडपर्यंत सोडायला आली. हुरडावाला रविवारी टेम्पो घेऊन येणार आहे, एवढं तिने सांगितलं.

गाडीत बसले आणि मला संताप आला. वळसंगचा थांबा येईपर्यंत मी मनात अव्वाशी भांडत होते. मला कसं माहीत असणार? मैदानावर सगळेच तिला अव्वा म्हणायचे. तिने एकदा तरी सांगायचं होतं. भाचीने सांगायचं होतं. नावावरून कुणी एवढी मोठी वस्तू जोकर रंगवणाऱ्याच्या घशात घालतं का? हेकट ती हेकटच. एकाहून एक उत्तरं सुचत होती. शेजारची बाई माझ्याकडे वळून बघायला लागली, म्हणजे बहुतेक मी मोठ्याने बोलत असणार. तिला मी म्हणाले की ह्या अक्कलकोटच्या म्हातारीने माझा अपमान केला. कुठली म्हातारी, नाव काय, तिने सहज विचारलं, ती तिकडचीच होती.

तेव्हा गाडी कुंभारीच्या थांब्यावर आली होती, सोलापूर जवळ आलं होतं. मी अर्धा तास अव्वाच्या ओसरीवर बसले, चहा प्याले, पोळी खाल्ली, तिच्या भाचीबरोबर स्टँडपर्यंत चालत आले. आणि नाव मी विचारलं नव्हतं.